धाकट्याला झोपवायचं नाही

"कुणाच्याच हाती ठेवू नकोस ते बटण. माझ्यासुद्धा नाही. उद्या मी येऊन कितीही गयावया केली, तरी द्यायचं नाही. कळलं का?"

उल्कान-एजे, म्हणजे आमची उल्कानताई, हे बोलली तेव्हा तोकमोकच्या इस्पितळात खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. उजवं पाऊल एवढं मोठं गुंडाळलेलं की पांघरुणाखाली कुणी भोपळा ठेवलाय असं वाटावं. त्या पावलाची दोन बोटं कालव्याच्या दारात गेली होती. मी तिच्यासाठी कणकेचे बोर्सोक तळून नेले होते, तिने एकही खाल्ला नाही. एरवी उल्कान-एजे समोरचं ताट असं सोडत नाही.

"आणि कुणी वारलं तर?" मी विचारलं. "मयताच्या घराला पाणी कसं देशील?"

"तर तू ये. दार हाताने फिरवायचं तुझं ते हँडल घेऊन स्वतः ये."

"येईन," मी म्हटलं. "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणून सुटू नकोस. येईन म्हण."

"येईन, एजे."

ही गेल्या शरदातली गोष्ट.

उल्कान-एजे केमीनच्या अलीकडच्या एका कालव्यावर मिराब आहे. पाणी वाटणं, पाळ्या सांभाळणं, भांडणं सोडवणं आणि दाराखाली अडकलेला झाडोरा काढणं, सगळं तिच्याकडे. त्या कालव्याच्या दारांवर आमच्या बिश्केकच्या कारखान्याचे डबे बसलेत. प्रत्येक डब्यात दोन प्रोसेसर. थोरला पडदा दाखवतो, फोनशी बोलतो, आम्हाला आकडे पाठवतो. दुसऱ्याला पुस्तकात कोप्रोसेसर म्हणतात, कारखान्यात सगळे धाकटाच म्हणतात. त्याला एकच काम. पाणी किती, दार कुठवर आलं, खाली कुणाचा हात-पाय तर नाही, एवढं बघायचं आणि मोटरला चल किंवा थांब सांगायचं. थोरला कधी अडकतो, कधी पेंगतो. धाकट्याने डोळा मिटायचा नसतो.

आणि नेमकं त्यालाच झोपवायची सोय होती. कर्नल म्हणजे डब्यातल्या सगळ्या सॉफ्टवेअरचा गाभा. त्याची जुनी रीत अशी, की थोरल्यावर बसून एका फाइलीत एक शब्द लिहिला की कर्नलमधला ड्रायव्हर नावाचा तुकडा धाकट्याला बंद करतो. आमच्यासारख्या लोकांना चाचणीसाठी ती सोय बरी पडते. पण आमचे मालक मेलिस-बाइके यांनी ती उचलून फोनवरच्या पानावर लाल बटण करून ठेवली. गिऱ्हाइकाला लाल बटण आवडतं, म्हणाले.

मिराबांना ते फारच आवडलं. त्या कालव्यावर आधीपासूनचा रिवाज आहे की घरात मयत झालं तर त्या घराच्या चारीला पाळी नसली तरी पाणी सुटतं. दूरदूरची माणसं येतात, त्यांचे घोडे येतात, समोवार दिवसभर उकळत असतात. वेळापत्रक बदलायचं तर पाणी-संघाची बैठक लागते, आणि अशा दिवशी संघाची निम्मी माणसं त्याच घरी रडायला बसलेली. मग मिराबांनी शोधून काढलं, की दार उघडं असताना लाल बटण दाबलं की ते उघडंच राहतं. धाकटा झोपला की दार बंद करायला सांगणारच कुणी नाही. पाळी उलटली तरी पाणी चालू. सगळे खूश.

उघडं दार उघडंच राहायचं, म्हणून सगळ्यांची समजूत झाली की बटण दार थांबवतं. त्या दिवशी दार खाली येत होतं. फांदी अडकलेली दिसली म्हणून उल्कान-एजेने बटण दाबलं आणि पाय आत घातला. थांबला तो धाकटा. मोटरला थांब म्हणणारा कुणी उरला नाही, ती आपली फिरत राहिली.

तर मी ड्रायव्हरमध्ये एक खूण घातली. ही खूण असलेल्या धाकट्याला बाहेरून कुणीही झोपवू किंवा उठवू शकणार नाही, मग तो यंत्राचा मालक असो की मालकाचा मालक. थोडक्या ओळी. आठवड्यात संपेल असं मला वाटलं होतं.

मेलिस-बाइके म्हणाले, "बटण लपव ना पानावरून. संपलं. कर्नलला कशाला हात लावतेस?"

मी बटण लपवलं. चार दिवसांत पलीकडच्या चारीवरच्या मिराबाने आत शिरून तो शब्द हाताने लिहिला आणि कसा लिहायचा त्याचा व्हिडिओ सगळ्यांना पाठवला. मलाही पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सायराकान, तुमचं बटण हरवलं होतं, आम्ही शोधलं!' सोबत हसरे चेहरे.

मग मी तो बदल कर्नलच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. जगभरची माणसं तिथे एकमेकांचं काम तपासतात. आपला बदल मूळ कर्नलमध्ये गेला तर पुढच्या प्रत्येक आवृत्तीला पुन्हा शिवत बसावं लागत नाही. योस्ट नावाच्या गृहस्थांनी तो तपासायला घेतला. माणूस सभ्य, पण विचारायचं थांबत नाही. धोरण ठरवणं कर्नलचं काम आहे का? फाइलीची परवानगी काढून का भागत नाही? मी लिहिलं, आमच्या डब्यात सगळेच मालक म्हणून आत शिरतात, परवानगी काढून उपयोग नाही. त्यांनी लिहिलं, मग तुमची मांडणी चुकली आहे. मी लिहिलं, हो, चुकली आहे, आणि तिच्यात एका बाईची दोन बोटं गेली आहेत. यावर त्यांनी फार वाईट वाटल्याचं कळवलं आणि खुणेचं नाव बदलायला सांगितलं.

मी नाव बदललं. मग त्यांच्या सहकाऱ्याला जुनं नाव जास्त आवडलं.

मी आवाज चढवत नाही. तसा माझा नेमच आहे, अल्लाहने आजवर सांभाळून घेतलाय. पण त्या हिवाळ्यात टेबलाखाली तसबीहचे मणी इतके फिरवले की दोरा दोनदा बदलावा लागला. मूळ कर्नलमध्ये बदल अजून गेलाच नव्हता. मार्चमध्ये, कालव्यात पाणी सोडायच्या आधी, मी तो आमच्या पुरता सगळ्या डब्यांत घातला आणि मेलिस-बाइकेंना कळवलं. ते "बरं बरं" म्हणाले. म्हणजे ऐकलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पाणी सुटलं आणि फोन सुरू झाले. तुमचा डबा हट्टी झालाय. तो 'परवानगी नाही' म्हणतो, आम्हाला, आमच्याच कालव्यावर! एकाने विचारलं, "ताई, तुम्ही त्याला शिकवलं तरी कुणाच्या घरी?" सगळ्यांशी मी हळू आवाजात बोलले. हळू बोलल्याने माणसं आणखी चिडतात, हे मला तेव्हा कळलं.

आणि गुरुवारी दुपारी, मी रोजा धरलेला असताना, उल्कान-एजेचा फोन आला.

"सायराकान, उघड."

"काय उघडू, एजे?"

"झुमाकादिर-अता वारले सकाळी. शेवटच्या चारीवरचे. दार आत्ता उघडं आहे, संध्याकाळी पाळी संपली की मिटेल. शब्द लिहिला तरी तुझा तो दगड झोपत नाही. तुझं ते कुलूप उघड म्हणते ना!"

मी आधी झुमाकादिर-अतांसाठी दुआ म्हटली. तिनेही पलीकडून "आमीन" म्हटलं. मग लगेच, "आता उघड."

"एजे, तूच म्हणाली होतीस. माझ्याही हाती ठेवू नकोस, असं."

"कधी?"

"इस्पितळात."

"इस्पितळात मला सुई टोचली होती! सुई टोचलेल्या बाईचं कुणी ऐकतं का? मी त्या दिवशी डॉक्टरला 'माझ्या भावाशी लग्न कर' म्हटलं होतं. केलं का तिने?"

"गयावया केली तरी द्यायचं नाही, असंही म्हणाली होतीस."

"मी गयावया करत नाहीये. शिव्या देतेय. ते तुझ्या अटीत नाही." पलीकडे कुणीतरी रडत होतं, कुणीतरी मोठ्याने घोडे बाजूला घ्यायला सांगत होतं. तिचा आवाज खाली आला. "अगं, आतापासून माणसं यायला लागलीत. परवा दफन. तोपर्यंत पाचशे येतील. विहिरीचं पाणी घोड्यांनाच पुरायचं नाही. या घराची सून मला तोंडावर काही बोलणार नाही, नुसती माझ्याकडे बघेल. चाळीस वर्षं कुठल्या मयताच्या घरी पाणी थांबलेलं नाही. माझ्याच वेळी थांबायचं का?"

मी काही बोलायच्या आत मेलिस-बाइके दारातून आत आले. त्यांनाही फोन गेले होते, चेहऱ्यावर दिसतच होतं.

"सायरा, ती तुझी ओळ काढून टाक."

"ती ओळ नाही, बाइके, बऱ्याच ओळी आहेत."

"मग बऱ्याच काढ. एका दिवसापुरत्या. संघाचा अध्यक्ष मला विचारतो, कालवा कुणाचा? मी काय सांगू? डब्यातल्या धाकट्याचा?"

"एका दाराला वेगळं देता येत नाही. जुनी आवृत्ती पाठवली की सगळ्या दारांना जाते. या आठवड्यात सगळीकडे झाडोरा काढायचं काम चालू आहे. सगळे पाण्यात उतरलेत."

"त्यांना फोन करून सांगू, धाकट्याला झोपवू नका."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही माझ्याकडे बघितलं, आणि मग खिडकीबाहेर. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांना ऐकू आलं असावं. मागे आम्ही प्रत्येक डब्यावर 'दाराखाली पाय घालू नका' अशी पिवळी चिठ्ठी डकवली होती. तिच्यावर मिराबांनी एकमेकांचे फोन नंबर लिहून ठेवले.

"मग वायरिंगमध्येच वीज तोडणारा खटका का नाही बसवला आपण?" ते म्हणाले.

"पुढच्या खेपेला बसवू, असं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

ते खुर्चीवर बसले, कल्पाक काढून गुडघ्यावर ठेवला. "चार वाजता मी जुनी आवृत्ती पाठवणार," ते म्हणाले. "मला दुसरं काही सुचत नाही. मयताच्या घराचा तळतळाट मला नको. तुलाही नसेल हवा."

फोन अजून चालूच होता. उल्कान-एजेने सगळं ऐकलं होतं.

"मेलिसला सांग," ती म्हणाली, "जुनं पाठवू नकोस म्हणावं."

"एजे, तूच तर—"

"मी एक दार मागितलं होतं. त्याला सगळी कुणी सांगितली? खालच्या दाराशी आत्ता माझी भाची उतरलीय, गुडघाभर पाण्यात. आधी तिला बाहेर येऊ दे." मग, अगदी वेगळ्या आवाजात, "सायराकान. मी इस्पितळात आणखी काय म्हणाले होते?"

"मी ये, असं म्हणाली होतीस."

"हं. ते सुईशिवायचं होतं."

मेलिस-बाइके म्हणाले, "दोन तास लागतात तिथपर्यंत. आणि तोवर दार मिटलं तर ते हँडल म्हणजे... दार पूर्ण उचलायला अडीचशे फेरे आहेत. तू रोजा धरलायस ना?"

"हँडल घातलं की मोटरचा दात सुटतो," मी म्हटलं. "धाकट्याला ते कळतं, तो मोटरला हात लावत नाही. जागा राहतो, नुसता बघत राहतो. दार वर राहील. परवा दफन झालं की मी पुन्हा जाऊन खाली घेईन."

"आणि पुढच्या वेळी? दर मयताला तू जाणार?"

"पुढच्या वेळेसाठी धाकट्यालाच शिकवीन. मिराबाने मागितलं तर दार उघडं धर, पण झोपू नकोस. त्याला विनंती करता यावी, झोपवता येऊ नये. महिनाभर लागेल. तोपर्यंत, हो, मी जाईन."

"तोपर्यंत कुणी वारू नये म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि लगेच "तौबा, तौबा" करून कल्पाक पुन्हा डोक्यावर घातला. मग बराच वेळ पडद्यावरच्या 'पाठवा'कडे बघत बसले. शेवटी पडद्यावरची ती खिडकी मिटवली. "चार वाजता पाठवत नाही. सहा वाजता तू फोन कर. नाही आला तर मी पाठवणार, सांगून ठेवतो."

हँडलं आम्ही कालव्यावर ठेवत नाही, ठेवली की रात्रीतून पाणी चोरीला जातं. सगळी कारखान्यातच दाराआड, जुन्या ओढण्यांत गुंडाळून उभी असतात. मी उल्कान-एजेच्या दाराचं काढलं. मुठीला गेल्या वर्षीचा गंज होता, तो रुमालाने पुसला.

निघण्याआधी जोहरची नमाज पढले. जानमाज घडी घालताना पडद्यावर योस्ट यांचं नवं पत्र दिसलं. यंत्राच्या मालकाला खरोखरच हे थांबवावंसं वाटेल असा एखादा प्रसंग तुमच्या माहितीत आहे का, कृपया थोडक्यात लिहा. मी दोन ओळी लिहिल्या, मग पुसल्या. थोडक्यात लिहिण्यासारखा नव्हता तो.

पिशवीत खजूर घेतले, पाण्याची बाटली घेतली. मयताच्या घरासाठी साखर आणि चहा घेतला. मेलिस-बाइकेंनी स्वतःचे रबरी बूट आणून पिशवीशेजारी ठेवले. मला दोन नंबर मोठे होते. हँडल मागच्या सीटवर आडवं ठेवलं, वळणावर आदळू नये म्हणून त्याच्याभोवती जानमाज लावली, आणि बिस्मिल्ला म्हणून गाडी तोकमोकच्या रस्त्याला घातली.