भरताना वाढली ती कुणाची

काचेची अखंड बांगडी दुसरीवर आपटली की आवाज क्षणभर टिकतो. तुटलेल्या तुकड्याचा टिकत नाही. खट् होतो आणि तिथेच संपतो. चाळीस वर्षं बायकांचे हात भरणाऱ्या आक्काबाईला हा फरक पाठ फिरवूनही कळत होता. म्हणून मंगळवारी सकाळी तिच्या लेकाने, हर्षलने, टेम्पोतलं एक पुठ्ठ्याचं खोकं दुकानाच्या ओट्यावर टाकलं, तेव्हा बांगड्यांवरची धूळ झटकणारा तिचा हात थांबला.

"काच हाय ह्यात," ती म्हणाली.

"आसंल."

"आन वाढल्यात. तीन-चार तरी वाढल्यात."

बांगडी फुटली असं तिच्या तोंडून कधी निघत नसे. सवाष्णीच्या हातातली बांगडी वाढते, हा तिच्या सासूने घालून दिलेला नेम.

"आई, खोक्यात काय हाय ते बघायचं माझं काम न्हाई. नंबर जुळला, माल उतरला, झालं."

"मग परत लाव की. असला माल कुनाच्या दारात टाकायचा?"

हर्षल हसला. "परत लावला तर डॅमेज कुनाच्या नावावर पडंल? माझ्या. ह्या म्हैन्यात दोन पडल्यात. तिसरं पडलं की रूट काढून घेत्यात."

त्याने पुढचं खोकं उचललं. आक्काबाईने वाकून पहिल्या खोक्यावरची चिठ्ठी वाचली. नाव मंदाबाईचं होतं. खाली पत्ता होता: आक्काबाई कासारणीच्या दुकानाजवळ.

गावातल्या निम्म्या खोक्यांवर हाच पत्ता असतो. सोनईहून येणारा डांबरी रस्ता आक्काबाईच्या दुकानाशी संपतो. पुढे वस्त्या आहेत, उसात बुडालेल्या, एकीला नाव नाही की दाराला आकडा नाही. त्यामुळे मोबाईलवर काही मागवलं की लोक हिचं नाव घालतात. साड्या, मिक्सर, औषधाचे पंप, लेकरांची खेळणी, सगळं हिच्या ओट्यावर उतरतं आणि आपापला धनी येईपर्यंत हिच्याच नजरेखाली बसतं. ओट्यावर गिऱ्हाईक टेकायची जागा आता खोक्यांची झाली आहे.

हर्षलच्या कंपनीला ओटा पुरत नव्हता. तिला अख्खा गाळाच हवा होता, पार्सलं ठेवायला. गाळा आक्काबाईच्या नावावर. कराराचा कागद दिवाळीत आला होता आणि तेव्हापासून तो बांगड्यांच्या स्टँडखाली घडी होऊन पडला होता. हर्षल आठवड्यातून एकदा विचारायचा, "काय ठरलं?" ती म्हणायची, "बघू." दिवाळी गेली, संक्रांत गेली, फॅक्टरीचा पट्टा पडून गाळप संपलं, वैशाख लागला. तिचं बघू काही सरलं नाही.

बघण्यासारखं होतंही. आधी बायका दुकानात येऊन नुसता हात पुढे करायच्या आणि भरून घ्यायच्या. मग हळूहळू येऊन एक बांगडी चढवून बघायला लागल्या. "आक्का, हे कोनतं माप म्हनायचं?" असं विचारायच्या, माप ऐकायच्या, बांगडी उतरवून ठेवायच्या आणि घरी जाऊन मोबाईलवर मागवायच्या. पौषात आक्काबाईने माप सांगणं बंद केलं. "हात भरायचा आसंल तर बस, माप पायजे आसंल तर मास्तराकडं जा," असं ती तोंडावर म्हणाली. ज्यांना म्हणाली त्यांत पहिली मंदाबाई होती. तेव्हापासून मंदाबाई दुकानासमोरून जाताना पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघायची.

खोकं बुधवारी संध्याकाळपर्यंत ओट्यावर होतं. आक्काबाई जेवायला घरी गेली असताना मंदाबाईचा नवरा भीमा दुचाकीवर येऊन ते घेऊन गेला. हर्षलनेच त्याच्या हातात दिलं.

गुरुवारी दुपारी ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. रस्त्यापलीकडच्या काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, हात आत जाईल एवढ्या. हर्षल टेम्पोच्या सावलीत खोकी लावत होता. तेवढ्यात मंदाबाई आली. एका हातात उघडं खोकं, दुसऱ्या हातात लेकीचं मनगट. धनश्री मागून ओढत आणल्यासारखी चालत होती. तिची हळद उद्या होती, लग्न परवा.

मंदाबाईने खोकं आक्काबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"बघा तुमच्या करनीची फळं."

आत हिरव्या बांगड्या होत्या. चार तुटलेल्या होत्या, तुकडे कापसावर वेगळे काढून ठेवलेले.

"माझी करनी?" आक्काबाई म्हणाली.

"दोन दिस खोकं कुनाच्या दारात हुतं? तुमच्या. बांगड्या कुनाच्या खपत न्हाईत? तुमच्या. मग आपटलं कुनी, हे काय ज्योतिषाला इचारू?"

"मंदा, जीभ सांभाळून बोल."

"मी का सांभाळू? लेकीचा चुडा हाय तो! हळदीच्या आदल्या दिशी असलं बघायचं व्हय आमी? लोकाच्या लेकीच्या चुड्यावर डोळा ठिवनारी बाई तुमी!"

आक्काबाईने हर्षलकडे बघितलं. तो टेम्पोच्या फाळक्याला टेकून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मंगळवारी ती काय म्हणाली होती, तेही त्यानेच ऐकलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

"हर्षल, सांग काकूला. खोकं आलं तवाच मी काय म्हनले तुला?"

हर्षलने हातातला मोबाईल बघितला, मग खोकी बघितली.

"मला न्हाई आठवत, आई. दिसाला साठ खोकी उतरवतो मी."

एवढंच. टेम्पोच्या टपावर कावळा बसला होता, तो उडाला. मंदाबाई विजयाने हसली. "लेकाला बी खोटं बोलवंना."

"आई, पुरे आता," धनश्री म्हणाली. सोनईच्या कॉलेजातून शिकलेली पोरगी, आवाज हळू. "आज्जी, चार गेल्या त्याचं काही न्हाई, जादाच्या मागवल्या होत्या. पण बाकीच्या बी हातात जात न्हाईत. मी अन् वहिनीनं साबण लावून बघितलं. तीन तिथंच गेल्या."

"गेल्या म्हनू नगं. वाढल्या म्हन. माप कसं घेतलंस?"

"मनगटाला दोरा गुंडाळला. दोऱ्याची लांबी मोजली, त्यावरून बांगडीचा व्यास काढला. हिशोब बरोबर आहे, आज्जी. मी तीनदा केला."

आक्काबाईच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तिने धनश्रीचा पंजा आपल्या हातात घेतला, अंगठा आत दुमडला आणि अंगठ्याखालच्या हाडावर बोट टेकवलं.

"बांगडी ऱ्हाती मनगटात, पन जाती पंजातनं. माप हितलं घ्यायचं असतं. हिशोब तुझा बरोबर हाय बाई, जागा चुकली."

"तेच ना!" मंदाबाई उसळली. "तवाच माप सांगितलं आस्तं तर ही पाळी आली आस्ती का? सांगितलं न्हाई, आन आता शानपन शिकवत्यात."

"तुला माप सांगायचं आन तू दुसऱ्याचा माल घ्यायचा. उद्या म्हनशील, पीठ तुमी मळा, भाकरी शेजारी भाजू. नाचता यीना तर आंगन वाकडं व्हय?"

"कंपनीला कळवलंय आमी. चांदनी सुदिक एकच दिलीया."

"कसली चांदनी?"

"चांगल्या मालाला पाच चांदण्या द्यायच्या असतात, आज्जी," धनश्री म्हणाली. "फोटो पाठवलाय. सात दिवसांत बघतो म्हणाले."

"सात दिसांनी तू सासरी भाकऱ्या थापीत आसशील. बस हितं."

"आमी घ्यायला न्हाई आलो," मंदाबाई म्हणाली. "ह्याच भरून द्या. पैसं टाकलेत त्याला. लागंल ती मजुरी घ्या, पन भरा. तुमच्या हाताला जमतंय म्हनत्यात ना सगळी?"

आक्काबाईने खोक्यातली एक बांगडी उचलली, उजेडात धरली आणि परत ठेवली. "जमंल. कातडं सोलून जमंल. हळदीच्या हातातनं रगत काढायचं का, ते तू सांग."

धनश्रीने आईकडे न बघता ओट्यावरची दोन खोकी बाजूला सारली, तिथे बसली आणि हात पुढे केला.

"मी तान्ही असताना माझ्या हातात पहिला काळा मनीबिल्वर तुमीच बांधलाय, आज्जी. हा बी तुमीच भरा. तुमच्या मालाचा."

"धने!" मंदाबाई ओरडली.

"उद्या उघड्या हातानं हळदीला बसू का मग?"

चुडा खरं तर नवरीच्या घरी भरायचा. अंगणात चटई, पाच सवाष्णी, कासारणीची ओटी, असा रिवाज. आक्काबाईला या लग्नाचं बोलावणंच नव्हतं. तिने तो विषय काढला नाही. स्टँडवरून तिने हिरव्या बांगड्यांची चळत काढली, पदराने हात पुसले आणि खोबरेलाची बाटली घेतली.

डाव्या हातात अकरा गेल्या. तिची बोटं पोरीच्या पंजावर पीठ मळल्यासारखी फिरत होती. हाड कुठे आहे, मांस कुठे दबतं, हे तिला बघावं लागत नव्हतं. मंदाबाई तोंड फिरवून उभी होती, पण प्रत्येक किणकिणीला तिची मान थोडी वळत होती. हर्षलने खोकी लावायचं काम सोडलं होतं.

उजव्या हातातली सहावी अंगठ्याच्या हाडावर आली आणि बारीक आवाज झाला. खट्. टिकला नाही.

"बघा! बघा!" मंदाबाई वळलीच. "ह्यांच्या मालाला सोनं लागलंय व्हय? हिचं पैसं आमी देनार न्हाई!"

"मागितलं कुनी?" आक्काबाई म्हणाली. तिने दोन्ही तुकडे उचलून शेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. डबा निम्मा भरलेला होता, रंगीबेरंगी तुकड्यांनी. "भरताना वाढली ती कासारनीची. माझ्या हातनं वाढली, माझी. माझ्या सासूनं बी आसंच केलं, तिच्या सासूनं बी. गिऱ्हाइकाच्या नावावर वाढलेली बांगडी आमी कधी टाकली न्हाई."

तिच्या जागी तिने दुसरी बांगडी घेतली आणि भरली. मग सातवी. उरलेल्या गुमान गेल्या. एकवीस झाल्यावर तिने बांगड्यांना कुंकू लावलं, आणि धनश्रीने वाकून नमस्कार केला. मंदाबाईने पैसे मोजून ओट्यावर ठेवले, हातात दिले नाहीत. रिकामं न झालेलं खोकं तिने काखेत मारलं.

धनश्री जाता जाता टेम्पोपाशी थांबली.

"हर्षलदादा, खोकं आलं तवा आवाज येत हुता का?"

हर्षलने मान खाली घातली. ते मंदाबाईला दिसलं आणि कळलं. पण ती चुकले म्हणाली नाही. तिने पदर तोंडाशी धरला आणि लेकीच्या पाठीला हात लावून तिला उसाच्या वाटेने पुढे घातलं.

हर्षल ओट्याशी आला. "आई, माझा रूट गेला आस्ता. समजून घे की."

"तुझ्या कंपनीत वाढलेली कुनाची असती रं?"

"म्हंजी?"

"बनवनारा म्हनतो माझी न्हाई. पाठवनारा म्हनतो फोटू पाठवा. तू म्हनतो आठवत न्हाई. मग शेवटाला ती कुनाच्या नावावर पडती? आज माझ्या पडली. गावासमोर."

हर्षलने ओट्यावरचं एक खोकं उचललं. "तू न्हाई म्हनालीस तर ते समोरच्या पिठाच्या गिरनीचा गाळा घेत्याल," तो म्हणाला. "मग हिकडं कुनी फिरकायचं बी न्हाई. तुझ्या बांगड्यांवर धूळ बसंल."

"बसतीच हाय. रोज पुसते मी."

तिने स्टँड एका हाताने उचलून धरला आणि खालचा कागद ओढला. दिवाळीपासूनच्या घडीत काचेचा चुरा साठला होता. तो तिने डब्यात झटकला, कागद सरळ केला आणि हर्षलच्या हातातल्या खोक्यावर ठेवला.

"सांग तुझ्या सायबाला," आक्काबाई म्हणाली, "गाळा मी देनार न्हाई. आन उद्यापासनं ओटा बी न्हाई."