भाऊजींचा आवाज

दोघा भावांचा आवाज इतका सारखा, की फोनवर त्यांची सख्खी आईसुद्धा फसायची. थोरला भाऊ जाऊन चार वर्षं झाली. प्रोस्टेटचा कॅन्सर कळला, तोवर तो हाडांत उतरला होता. तेव्हापासून त्याची बायको रोज सकाळी शिलाई मशीनवर बसली, की आधी धाकट्या दिराला फोन लावायची.

"भाऊजी, आज भाजी काय काय आली?"

दीर घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. कोबी कसा, वांगी कशी, तो रंगात येऊन सांगत सुटायचा. ही फोन कापडाच्या ढिगावर ठेवून शर्टांना काजं करत ऐकायची. भाजी मात्र कोपऱ्यावरूनच आणायची. एकट्या जिवाला लागतं किती? पण आवाज ह्यांचा होता ना!

बापाच्या आठवणीसाठी लेकीने फन रन सुरू केली होती. दरवर्षी मैदानावर घरंच्या घरं पळायला यायची. पळतात कसली, निम्मी मंडळी पहिल्याच वळणावर धापा टाकत गप्पांना लागायची. देणग्या पेशंटांना जायच्या आणि कडेला पुरुषांच्या प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीचा तंबू असायचा. माईक अर्थातच काकांकडे.

"पन्नाशी ओलांडलेल्यांनो, लाजताय काय? बायकोसमोर उभे राहता, मग सुईला काय घाबरता?"

मैदान खदखदून हसायचं. ही पाण्याच्या टेबलामागे ग्लास भरता भरता डोळे मिटून घ्यायची आणि पाणी सांडायचं. "आई, लक्ष कुठंय तुझं?" लेक करवादायची. आता काय सांगणार तिला, कप्पाळ!

यंदा आवाज मध्येच थांबला. हिने डोळे उघडले. माईक पुतणीच्या हातात कोंबून दीर लगबगीने स्वच्छतागृहाकडे निघाला होता. आला, चार वाक्यं बोलला आणि पुन्हा गेला. परत आला, परत गेला.

हिने हातातला ग्लास टेबलावर ठेवला. ह्यांचंही असंच चालायचं. "बाबांचा नळ गळतोय," म्हणून घरात सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने हीच हसायची.

तिने दिराला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"भाऊजी, कधीपासून चाललंय हे?"

"काय कधीपासून?"

"सोंग नका घेऊ."

"अहो वहिनी, वय झालं. चालायचंच."

तेच शब्द, तोच आवाज. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जगाला तंबूत ढकलता, स्वतः गेलात कधी? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

"पुढच्या आठवड्यात जातो ना. सध्या बाजारात फार धांदल आहे."

"पुढचा आठवडा मी बघितलाय, भाऊजी. मला नका सांगू." आणि मग ते तोंडातून निघूनच गेलं. "मी रोज फोन करते तो काय कोबीसाठी? मला ह्यांचा आवाज ऐकायचा असतो. तेवढाच उरलाय माझ्याकडे. तोही घेऊन तुम्ही निघालात, तर मी काय करू?"

बोलली आणि लाजेने अर्धी झाली. "काका, लोक खोळंबलेत!" लेक माईकवरून ओरडत होती. दिराने तिकडे पाहिलंच नाही. मान खाली घालून तो तंबूकडे चालू लागला, आणि ही मागोमाग गेली.

आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, दोघं शेजारी बसली. "बऱ्याचदा नुसती ग्रंथी वाढलेली असते, कॅन्सर नसतोही," त्रास ऐकून नर्स म्हणाली. "पण बघून घेतलेलं बरं." ती सुई काढायला वळली. दिराने बाही वर केली.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मला भीती वाटतेय."

शेवटच्या त्या महिन्यांत, दवाखान्यात ह्यांच्या खाटेशी बसून, तिने ह्याच वाक्याची वाट पाहिली होती. ह्यांनी शेवटपर्यंत विनोदच केले. एकदा तरी म्हणायचं होतं हो! तिचं उत्तर तेव्हापासून ओठांवर तयार होतं.

तिने दिराचा दुसरा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले.

"वाटू दे," ती म्हणाली. "मी आहे ना. मी इथेच बसलेय."