कप्तानांचा पूल

कप्तान वारले त्याला महिना झाला, तरी कौतुक करून गावाचं तोंड दुखलं नव्हतं. वाचनालयाच्या भिंतीवर त्यांच्या नावाचा दगड बसणार होता आणि त्याआधी सकाळी अकराला जाहीर सभा होती.

खरं म्हणजे ते कप्तान नव्हतेच. लढाईवर गेले तेव्हा साधे शिपाई होते आणि परत आले तेव्हाही साधे शिपाईच, फक्त वजन निम्मं झालेलं. बढती दिली ती गल्लीने. ऐंशी ओलांडल्यावर तर कुणीतरी त्यांना कर्नल करायलाही निघालं होतं, पण सगळ्यांच्या तोंडात ‘कप्तान’ बसलं होतं म्हणून ते राहिलं.

त्यांची लेक, जिला सगळे ताई म्हणायचे, ती मंचावर टेबलामागे बसली होती. स्मारक समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी सकाळीच तिला बजावलं होतं, “ताई, शेवटी तुम्ही बोलायचं. लढाईतल्या पुलाची गोष्ट. तुम्ही सांगाल तीच दगडावर कोरायची.”

पंचाईत अशी, की पुलाची गोष्ट अख्ख्या गावाला माहीत होती आणि ताईलाच माहीत नव्हती. तिने तीनदा विचारून पाहिलं होतं. पहिल्यांदा बाबा म्हणाले, “तुला काय करायचंय?” दुसऱ्यांदा म्हणाले, “भाजीत मीठ कमी आहे.” तिसऱ्यांदा पेपर तोंडासमोर धरला, तोही उलटा. बाहेर मात्र याच माणसाच्या जिभेला हाड नव्हतं. ताई औषधांच्या दुकानात काम करायची. तिथे गिऱ्हाइकं खोकल्याचं औषध घेता घेता तिला विचारायची, “त्या पुलावर केवढी थंडी होती ना हो?” आणि ताई जाणकारासारखी मान हलवायची. तिला माहीत होत्या त्या गोष्टी अशा: बाबांना चहा उकळता लागतो, ते उशीखाली चष्मा ठेवून स्वतःच मोडतात, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. यातलं दगडावर काय कोरणार, कपाळ?

पहिल्यांदा सलूनवाला उठला. चाळीस वर्षं त्याने कप्तानांची दाढी केली होती. त्याने सांगितलं, की पूल वाचला तो पलटणीतल्या एका न्हाव्यामुळे. त्याने शत्रूच्या पहारेकऱ्याला दाढीला बसवलं, गालाला फेस लावला, गरम टॉवेलने तोंड झाकलं, आणि तेवढ्यात कप्तानांनी सुरुंगाची तार कापली. “माझ्या खुर्चीत बसून सांगितलंय त्यांनी,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मग शिंपी उठला. तो म्हणाला, पूल वाचलाच नव्हता, कप्तानांनी तो उडवला होता. आणि उडवता आला तो एका शिंप्यामुळे, कारण त्याने तंबूच्या कापडाची इतकी मजबूत पिशवी शिवली, की भर पाण्यातसुद्धा सुरुंगाची दारू कोरडी राहिली.

“वाचवला होता,” सलूनवाला बसल्या जागेवरून म्हणाला.

“उडवला! दुहेरी शिवण होती पिशवीला!”

अध्यक्षांनी घसा साफ केला. “कृपया शांतता. दोघांचाही काही गैरसमज झालाय. मुळात तिथे पूल नव्हताच. तो बांधायचा होता आणि त्याचं गणित पलटणीतल्या एका शाळामास्तरने सोडवलं.”

मग जे झालं त्याला सभा म्हणणं कठीण आहे. पोस्टमन उभा राहून टपालाबद्दल काहीतरी ओरडत होता. शिंप्याने सलूनवाल्याची गचांडी धरली आणि सलूनवाल्याने, हात मोकळा होता म्हणून, अध्यक्षांना दिलेली शाल ओढली. दगड कोरणारा पाथरवट पहिल्या रांगेत कागद घेऊन बसला होता. त्याने ‘वाचवला’ खोडून ‘उडवला’ लिहिलं, तेही खोडलं आणि पेन्सिल कानावर ठेवून दिली.

ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा म्हातारा आयुष्यभर ज्याच्याकडे बसायचा त्याच्याच धंद्याला लढाई जिंकून द्यायचा! तिला हसू आलं आणि लगेच संताप आला. जगाला एकेक गोष्ट वाटली आणि पोटच्या पोरीला काय, तर भाजीत मीठ कमी? ती रागाने उठली. आज सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, की हा माणूस थापाड्या होता. तिने माईक हातात घेतला.

माईकने कर्कश शिट्टी मारली.

आणि ताई टेबलाखाली गेली.

कुणी ढकललं नाही, पाय घसरला नाही. सत्तावन्न वर्षांची बाई, इस्त्रीची साडी, आणि क्षणात टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन. भांडणारे हात होते तिथेच थांबले.

खाली अंधारात ताईला कळलं, आपण काय केलं ते, आणि शेजारची जागा रिकामी आहे तेही. महिनाभर न आलेलं रडू तिथे आलं. माईक हातातच होता.

“मी सातवीत होते तेव्हा घरात कुकर आला,” टेबलाखालून आवाज आला. “पहिली शिट्टी झाली तशी बाबांनी मला ओढून टेबलाखाली घेतलं. मला वाटलं, खेळ आहे. मग रोजचंच झालं. मोठेपणी मी भाजी आणि विळी घेऊनच आत जायचे. तीन शिट्ट्या होईपर्यंत ते माझा दंड धरून बसायचे. मी म्हणायचे, कुकर काढून टाकू या. तर चिडायचे. म्हणायचे, मी काय घाबरतो का?” ती थांबली. “पुलाचं मला काही सांगितलं नाही त्यांनी. मला वाटायचं, मला काहीच दिलं नाही.”

मग टेबलावरचं कापड एका बाजूने वर झालं आणि सलूनवाल्याचं डोकं आत आलं.

“ताई, जागा आहे का?” तो गुडघे मोडत आत सरकला. “दुकानात केस वाळवायचं यंत्र लावलं, की ते उठून बाहेर जायचे. मी म्हणायचो, म्हाताऱ्याला बिडीची तल्लफ आली.”

ताईने पदराने नाक पुसलं. “बिडी ते ओढतच नव्हते.”

“मग काय तर.”

दुसऱ्या बाजूने शिंपी आत आला. अध्यक्षांचे गुडघे वाकत नव्हते, म्हणून ते टेबलाला टेकून नुसतेच जमिनीवर बसले. पाथरवट बिचारा कागद घेऊन मंचापाशी आला आणि वाकून म्हणाला, “ताई, मग दगडावर काय कोरू?”

ताईने सलूनवाल्याचा दंड घट्ट धरला होता.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “अजून दोन शिट्ट्या व्हायच्यात.”