दारात सुतक

नलूबाईने दारावरचं तोरण ओढून काढलं. सकाळीच गल्लीतल्या पोरांनी ते हौसेनं बांधलं होतं. आंजी गावच्या चौकातून मिरवणूक निघाली होती आणि डीजेच्या दणक्याने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. सीमेवर तोफ चालवणाऱ्या मुकेशच्या आईबापाचा सत्कार करायचं गावाने परस्पर ठरवलं होतं. त्या दोघांना विचारायची कोणाला गरज वाटली नव्हती.

"तोरण काऊन काढून राह्यली?" नवा सदरा घातलेल्या तिच्या नवऱ्याने, नानाजींनी विचारलं. "लोकं आले ना दाराशी. पोरगा तुह्याशी फोनवर बरा बोलला म्हणे ना?"

"बरा हाय." तिने शिऱ्याची कढई गॅसवरून उतरवली, देव्हाऱ्यातला दिवा शांत केला आणि दारात जाऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

मिरवणूक थांबली. पुढे ओमप्रकाश होता, एका हातात गुलालाचं ताट, दुसऱ्यात हार. मुकेशचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने गुलालाचं बोट पुढे केलं.

"नोको लावू बाबू. घरात सुतक हाय."

कोणीतरी धावत जाऊन डीजे बंद केला. ओमप्रकाशने हात मागे घेतला.

"मुकेश?"

"मुकेश बरा हाय."

"मंग कोणाचं सुतक?"

"त्याच्या गोळ्यानं तिकडची चौकी उडाली. चुलीपाशी जेवाले बसले होते थे. त्यानं दुर्बिणीतून पाह्यलं. तवापासून त्याले घास जाऊन नाई राह्यला."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी 'गद्दार' म्हणालं, फार हळू नाही.

"काकू, थे दुश्मन होते," ओमप्रकाश म्हणाला. "आपल्या भावकीतले थोडीच होते?"

"माह्या पोराच्या हातानं गेले. मंग कोण पाळन त्यायचं सुतक?"

ओमप्रकाशला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. तो नानाजींजवळ सरकला आणि आवाज खाली आणत म्हणाला, "काका, हे गावभर झालं तर मुकेशच्या नोकरीवर येईन. एक बोट लावू द्या, फोटो काढतो, मी सांभाळून घेतो सारं."

नानाजींना ते पटत होतं. आयुष्यभर त्यांनी चार लोक म्हणतील तेच केलं होतं, आणि गर्दीतले मोबाईल आता त्यांच्याकडेच वळले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती दारातच उभी होती, हातात सुकायला लागलेलं तोरण धरून.

ओमप्रकाशचं बोट त्यांच्या कपाळापर्यंत आलं. नानाजी एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी नव्या सदऱ्याची बटणं सोडायला सुरुवात केली.

"नलू," ते म्हणाले, "पानी काहाड. माही आंघोळ राह्यली हाय."