उर्वीची कानटोपी

मित्रांनो, रग्बी लीग खेळताना डोक्यावर घालतात तो मऊ, जाड टोप म्हणजे मी. आता माझा स्पंज बसला आहे, निळा रंग विटला आहे आणि हनुवटीखाली बांधायची मूळ दोरी तर कधीच तुटली. तिच्या जागी सुनेत्राकाकूंनी परकराची नाडी ओवली आहे. ती त्यांनी न्यू जर्सीतल्या आयसेलिनला, ओक ट्री रोडवरच्या साडीच्या दुकानातून आणली. काकू मला कानटोपी म्हणतात. मला ते नाव आवडतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे मशीनने माझ्या अंगात स्पंजचे तुकडे शिवले आणि दोन्ही कानांच्या जागी भोकं पाडली. डोकं जपायचं, पण कान बंद करायचे नाहीत. मी जे काही शिकलो ते या भोकांतून ऐकूनच, आणि तेही उशिरा.

मला उर्वीने विकत घेतलं. ती काकूंची आणि उल्हासकाकांची मुलगी, न्यू जर्सीतच वाढलेली, आणि पगारी खेळाडूंच्या एका क्लबची फुलबॅक. फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटी उभी राहणारी. या खेळात एका संघाला सहा वेळा अडवलं की चेंडू दुसऱ्या संघाला द्यावा लागतो. म्हणून शेवटच्या वेळी बरेचदा तो लाथेने उंच उडवतात. चेंडू आकाशातून खाली येतो, समोरून धिप्पाड मुली धावत येतात आणि मध्ये असते उर्वी. तिने 'माइन!' अशी हाक दिली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. काय सुंदर झेलायची ती! तिच्या वेणीच्या खोबरेल तेलाचा वास अजून माझ्यात आहे.

तिची एक रीत होती. सामना जिंकला असो वा हरला, घरी आली की फोन बंद करून डबीत घालायचा आणि डबी तांदळाच्या डब्यात खुपसायची. संघाच्या सोमवारच्या बैठकीपर्यंत कौतुक नाही आणि टीकाही नाही. त्या बैठकीत सामन्याचा व्हिडिओ लावत. जिची चूक, तिने ती आधी स्वतः सांगायची. मग बाकीच्या बोलत, आणि चांगलं झणझणीत बोलत. शेजारी विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळणारी जॅस्मिन मात्र फोन लपवत नसे. लोकांनी तिला घातलेल्या शिव्या ती नाटकी आवाजात वाचून सगळ्यांना हसवायची. प्रत्येकीची तऱ्हा निराळी, पण सोमवारी सगळ्या मान वर करून बसत. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

एका शनिवारी मात्र घात झाला. आम्ही पुढे होतो, खेळ संपत आला होता. चेंडू उंच गेला, खाली आला आणि उर्वीच्या हातांतून निसटला. समोरच्यांनी तो उचलून सामना जिंकला. प्रेक्षकांतून उल्हासकाकांचे मित्र सुमंतकाका ओरडले, "अगं यार उर्वी, हातांना तूप लावून आलीस का?" बाकीचे जे ओरडले ते मी सांगणार नाही.

गाडीत उल्हासकाका गप्प बसेनात. "त्या टोपानेच घोळ केला. कान झाकतो तो. फेकून दे आधी!"

"बाबा, प्लीज. मंडेपर्यंत नाही."

मी तिच्या मांडीवर होतो. तिची बोटं नाडीला गच्च धरून होती.

रविवारी मी स्वयंपाकघरातल्या खुंटीवर वाळत होतो. काका टेबलाशी बसून क्लबच्या इंटरनेटवरच्या पानावर लोकांच्या टीकेला उत्तर लिहीत होते. आयुष्यभर इंजिनीअर म्हणून काम केलेला माणूस. चुकीचं कारण कोणी लिहिलं की त्यांना राहवत नसे. त्यांनी लिहिलं, तो चेंडू जॅस्मिनने घ्यायला हवा होता.

"अहो, नका लिहू," काकू म्हणाल्या.

"अगं, फॅक्ट्स लिहितोय फक्त."

जॅस्मिनने ते वाचलं. अनोळखी लोकांचं तिला काही वाटत नसे, पण या घरी बसून तिने थालीपीठ खाल्लं होतं. सोमवारी तिने काहीच वाचून दाखवलं नाही. पुढच्या सामन्यात मागे कोण उभं राहणार, हे कोच निकोल त्याच दिवशी ठरवणार होती.

व्हिडिओ थांबला. जॅस्मिन म्हणाली, "तुझे बाबा म्हणतात, तो चेंडू माझा होता."

उर्वीने मला मांडीवरून खाली ठेवलं. "बाबा प्रेक्षकांत होते. चेंडूखाली मी होते. हाक मी दिली होती, पण शेवटी चेंडूवरची नजर काढून धावत येणाऱ्यांकडे पाहिलं. तो माझाच होता."

निकोलने जॅस्मिनला विचारलं, "तू तिच्या शेजारी खेळणार. मागे कोण हवं, तूच सांग."

जॅस्मिनने व्हिडिओ मागे नेऊन तो क्षण पुन्हा पाहिला. मग म्हणाली, "उर्वी. पण उद्या तिच्या बाबांना मैदानावर आणा."

मंगळवारी काका आले, सोबत सुमंतकाकाही. उर्वीने मला चक्क काकांच्या डोक्यावर चढवलं आणि नाडी बांधली. जॅस्मिनने चेंडू उडवला. काका वर बघत पुढे गेले, मागे आले, आणि चेंडू छातीवर आपटून ते हिरवळीवर बसले.

"उल्हास, फॅक्ट्स काय म्हणतात?" सुमंतकाकांनी विचारलं.

काका हसले नाहीत. माझ्या भोकांतून त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं. ते उठून जॅस्मिनपाशी गेले. "सॉरी, बेटा. मी फार चुकीचं लिहिलं." तिथेच उभं राहून त्यांनी ते लिखाण काढून टाकलं. जॅस्मिनने त्यांच्या हनुवटीखालची नाडी सोडली आणि म्हणाली, "आता थालीपीठ."

शनिवारी समोरच्या संघाने प्रत्येक चेंडू उर्वीवरच उडवला. आमचेही काही लोक हुर्यो करत होते. ते तिने ऐकलं, मीही ऐकलं. प्रत्येक वेळी 'माइन!' म्हणून तिने चेंडू छातीशी धरला, आणि प्रत्येक वेळी जॅस्मिन तिला उठवायला धावली. तरी तो सामना आम्ही हरलोच.

मित्रांनो, आता मी खुंटीवरच असतो. उर्वीने नवा टोप घेतला, त्यालाही नाडीच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. आणि खेळाडूचं चुकलं तर चुकलं म्हणा. ती ऐकते, मी तिच्या कानांपाशीच राहिलो आहे, मला ठाऊक आहे. फक्त तिला मैदानातून घरी तरी येऊ द्या.

खुंटीवरून मला तांदळाचा डबा दिसतो. शनिवारी संध्याकाळी उर्वी त्यात फोनची डबी खुपसते. मग उल्हासकाका येतात, इकडेतिकडे बघतात आणि आपली डबी तिच्या शेजारी खुपसतात.