तोतारामनानांची जीभ आणि मी

मी एक जुनी बडगी आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या शहरी मुलांना बडगी ठाऊक नसेल, म्हणून सांगते: भाजलेली वांगी ठेचायचं खोलगट लाकडी भांडं. नशिराबादच्या रुपचंद सुताराने मला कडुलिंबाच्या खोडातून कोरलं. चाळीस हिवाळे मी मुसळीचा मार खाल्ला आणि तो मला गोड लागला.

ठेचायची ती झुंबरबाई. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, मिरच्या, लसूण. भरीत पार्टी कुणाच्याही मळ्यात असो, बोलावणं तिलाच. एरवी ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. तिला नाव होतं ते एवढ्यापुरतंच.

ते तोतारामनानांनी एका घासात घालवलं. नानांच्या जिभेचा गावात मोठा दरारा. गेल्या वर्षी पार्टीआधी ते आमच्या घरात डोकावले, तर ओट्यावर झुंबरबाईच्या सुनेचा, डिंपलसूनबाईंचा नवाकोरा मिक्सर. ठेचून झाल्यावर धुतलेली मी मागच्या दारी सावलीत वाळत पडलेली. नाना पंगतीत बसले, घास घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हे मिक्सरमधलं हाये. माह्या जिभेले लगेच समजते."

"नाना, बडगीतलंच हाये," झुंबरबाई म्हणाली.

"मले शिकवू नको, माय."

झालं. ज्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं, त्यांनाही ते बेचव लागू लागलं. त्या हिवाळ्यात पुन्हा एकही बोलावणं आलं नाही. मी कोपऱ्यात पडून राहिले, अंगाला भेगा पडल्या. पण राग काही मी गिळला नाही.

यंदा झुंबरबाईने नानांना आणि त्याच पंगतीतल्या चौघांना घरी जेवायला बोलावलं. वांगी सकाळीच मिक्सरमधून काढली आणि मिक्सर न धुताच कपाटात लपवला. मला दारात मांडलं, काठाला थोडं भरीत फासलं, शेजारी मिरचीची देठं टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलले आणि मला जरासुद्धा लाज वाटली नाही.

नानांनी येताना मला पाहिलं. घास घेतला, डोळे मिटले. "याले म्हणता बडगीचं भरीत. लाकडाचा वास येते पहा."

झुंबरबाईने कपाटातून भरीत माखलेला मिक्सर काढला आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "हे याच्यातलं, नाना. बडगीतलं होतं ते मागच्या साली."

चौघं पोट धरून हसले. नानांचा हात ताटातच राहिला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता, तो मी लपवत नाही. पण हसू ओसरल्यावर मनात आलं, चाळीस वर्षं लोकांनी माझी वाहवा केली, तीसुद्धा मला आधी पाहूनच केली असेल का? ते आता कधीच कळायचं नाही.

झुंबरबाईला पुन्हा बोलावणी येतात. मित्रांनो, मला धुवा, सावलीत वाळवा. आणि कुणाच्या हातच्या कामाला नावं ठेवण्याआधी तोंडातला घास नीट चावा.

नाना मात्र आता जेवायला बसले की हळूच विचारतात, "कशात ठेचलं वं?"

"तुम्हीच सांगा, नाना," झुंबरबाई म्हणते आणि वाढत पुढे जाते. नाना खाली मान घालून जेवतात.