रुळाचा ताप

फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि एकाचंही लक्ष गाडीकडे नव्हतं. सगळे माना उंच करून पुढे बघत होते. तिथे, स्टेशनबाहेरच्या सिग्नलखाली, नुसता हात फिरवून दुखणी बरी करणारे बाबा गुडघे टेकून बसले होते. सिग्नल लाल. मालगाडी अडकलेली, तिच्यामागे प्रवासी गाडी अडकलेली. बाबांनी डोळे मिटले, दोन्ही तळवे रुळावर ठेवले आणि हळूहळू फिरवले.

"लोखंडालाही ताप येतो, बाळांनो," ते म्हणाले. "तुमच्या यंत्रांना तो कळत नाही. माझ्या हाताला लागतो."

सिग्नल हिरवा झाला. टाळ्यांचा नुसता कडकडाट. स्टेशनमास्तरांनी टोपी काढून हात जोडले. माझी आई तर डोळे पुसत होती, कारण मालगाडीच्या इंजिनात माझा धाकटा भाऊ होता. चालक म्हणून त्याची नोकरी नवीनच, आणि तो घराबाहेर पडला की आईचा जीव टांगणीला लागायचा.

मी इथली सिग्नल इंजिनीयर. म्हणजे बाबांनी जो दिवा बरा केला, तो माझ्या खात्यातला. माझ्या हाताखालची माणसंसुद्धा टाळ्या पिटत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

खरं दुखणं वेगळंच होतं. आमचा मार्ग एकेरी, सिग्नल जुनाट. एक गाडी पुढचं स्टेशन गाठेपर्यंत दुसरी सोडता येत नसे. नवी यंत्रणा येऊन पडली होती. कुठली गाडी कुठे आहे हे ती सतत सांगणार, गाड्या जवळजवळ सोडता येणार, आणि लाल दिव्यापुढे जायची वेळ आलीच तर चालकानं कितीही वेग दिला तरी ती गाडीला रांगायलाच लावणार. पण ती बसवायची तर मार्ग काही दिवस बंद ठेवायला हवा.

"बाबा असताना कशाला हा खटाटोप?" स्टेशनमास्तर म्हणाले. "मॅडम, तुम्हाला ना, चांगलं चाललेलं बघवत नाही."

मग मी स्वतःच रुळावर गेले. रुळांमधून हलकी वीज खेळती ठेवलेली असते. गाडीची चाकं आली, किंवा रूळ तुटला, की तिची वाट मोडते आणि सिग्नल लाल होतो. एका तुकड्यातली वीज दुसऱ्यात जाऊ नये म्हणून जोडावर वीज अडवणारी पट्टी असते. बाबांना ताप लागायचा तो नेहमी त्याच एका जोडावर. मी तिथे फडकं फिरवलं. काळं झालं. लोखंडाचा कीस होता, कानशीनं घासल्यावर पडतो तसा. पट्टीवर कीस पसरला की वीज भलतीकडे जाते आणि दिवा लाल होतो. बाबांचा एक शिष्य रोज सकाळी रुळाला नमस्कार घालायला यायचा. नमस्कार कसला, मुठीतला कीस सोडून जायचा.

पुढच्या वेळी बाबा आले तेव्हा मी गर्दीसमोर उभी राहिले. दिवा हिरवा झाल्यावर स्टेशनमास्तरांच्या टेबलावरची टाचण्यांची डबी बाबांच्या मनगटावर उपडी केली. कापड गुंडाळलेलं जाड कडं होतं. टाचण्या त्याला अशा चिकटल्या की साळिंदर बरं.

"लोहचुंबक आहे हे," मी म्हणाले. "शिष्यानं टाकलेला कीस हे उचलतात. झाला चमत्कार."

 मग बाबांनी तो हात वर केला आणि गोड हसले. "बघा. लोखंडसुद्धा माझ्याकडे धाव घेतं."

पुन्हा टाळ्या. मी कपाळावर हात मारून घेतला. घरी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

थंडी वाढली. एका सकाळी तोच सिग्नल लाल झाला. मी धावत जाऊन आधी जोड पाहिला. कीस नव्हता. पट्टी स्वच्छ होती. म्हणजे पुढे कुठेतरी थंडीनं आकसून रूळच तुटलेला असणार. मालगाडी फलाटाला उभी होती आणि इंजिनात भाऊ होता.

बाबांनी हात फिरवला. दिवा लालच. पुन्हा फिरवला. लालच. लोक कुजबुजायला लागले तसे बाबा उठले. "ताप उतरलाय. दिवाच बिघडलाय. जाऊ द्या गाडी."

"आधी रूळ तपासायला माणूस पाठवा," मी म्हणाले.

"अजून उशीर? वरून बोलणी कोण खाणार, तुम्ही?" स्टेशनमास्तरांनी लाल दिवा ओलांडायची परवानगी लिहून दिली.

मी इंजिनाच्या खिडकीशी गेले. "नको जाऊस. आणि जाणारच असशील तर चालत्या माणसाच्या वेगानं ने. मी पुढे चालते, रूळ बघत."

"ताई, तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते," तो म्हणाला. "आईनं सकाळीच बाबांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून पाठवलंय." आणि त्यानं गाडी काढली. मी शेजारून पळत राहिले. वेग वाढत गेला आणि मी मागे पडले.

वळणावर रुळात फट होती. इंजिन आडवं झालं.

भाऊ वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा बाबा खाटेशी उभे होते, त्याच्या पायाच्या बँडेजवर तळवे ठेवून.

"यांचा हात डोक्यावर होता म्हणून जीव तरी राहिला," आई म्हणाली.

मी बाबांचं मनगट धरलं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, सोड. त्यांना करू दे. तू बाहेर जा."

मी बाहेर आले. तिथेच बाकावर बसून ढसाढसा रडले.

बाबांना अजूनही बोलावणी येतात, आणि माझ्या घरी माझं कुणी ऐकत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. सिग्नल लाल असेल तर पुढे जाऊन बघा काय मोडलंय. मोडलेलं दुरुस्त करा, मग गाडी सोडा. हातानं बरं करतो म्हणणाऱ्याच्या हातात काय आहे, ते विचारा, आणि उत्तर ऐकून टाळ्या वाजवू नका. मला माझ्या भावाला हे पटवता आलं नाही. तुमचा भाऊ अजून फलाटावर उभा असेल तर आत्ताच जा त्याच्याकडे.